कंडिशनर लावला आणि मुंग्या आल्या

सरांचा फोन आला तेव्हा मी नाशिकला अंबडमध्ये एका कंट्रोल पॅनेलच्या कामावर होतो. "अरे, ॲम्प्लिफायरला हात लावला की मुंग्या येतात. चार-पाच दिवस झाले. आधी नव्हतं." कशाच्या आधी, असं विचारल्यावर जरा थांबले. मग म्हणाले, "एक पॉवर कंडिशनर आणलाय, वीज शुद्ध करणारा डबा, ट्रायलवर. आवाज मात्र फार सुधारलाय हं."

आवाज सुधारला आणि अंगाला करंट लागायला लागला. ही दोन वाक्यं पाठोपाठ ऐकली की वीजवाला माणूस आधी दुसऱ्याकडे धावतो. मी संध्याकाळीच जाऊन ॲम्प्लिफायर बंद करवला. पहिल्या वाक्याचा निकाल लावायला मात्र तीन रविवार गेले, त्याची ही नोंद. लिहायला सरांची परवानगी आहे. नाव घालू नकोस एवढंच म्हणाले.

घर आणि सामान

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतली, नव्वदच्या दशकातली चार मजली इमारत. सर तिसऱ्या मजल्यावर. गणित शिकवायचे आणि मी त्यांच्या हाताखालून गेलेला, त्यामुळे पन्नाशी आली तरी मला अजून 'अरे' आहे. घरात काकू आणि बारावीला असलेली नात. ती पुढे या प्रकरणात बरीच कामाला आली.

ॲम्प्लिफायर ८० वॅटचा, साधा ट्रान्झिस्टरवाला, आत गोल म्हणजे टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर. शिवाय एक रेकॉर्ड प्लेयर, एक छोटा डॅक (डिजिटल आवाज ॲम्प्लिफायरला समजेल असा करून देणारा डबा), स्टँडवर ठेवलेले दोन स्पीकर. केबलचा सेट-टॉप बॉक्सही वायरने ॲम्प्लिफायरला जोडलेला, कारण सर बातम्यासुद्धा त्याच स्पीकरवर ऐकतात. रेकॉर्डी बहुतेक ख्यालगायनाच्या.

कंडिशनर ५२ हजारांचा. जाड ॲल्युमिनियमचा डबा, मागे सहा सॉकेट, पुढे निळ्या आकड्यात व्होल्टेज. दुकानदाराने काही दिवस घरी वापरायला दिला होता. आत काय असतं ते सांगतो, कारण 'कंडिशनर' या एका नावाखाली चार वेगवेगळ्या जातींची यंत्रं विकली जातात. हा होता फिल्टर जातीचा: वेटोळी आणि कपॅसिटर मिळून वरच्या फ्रिक्वेन्सीचा कचरा अडवतात, आणि एमओव्ही नावाच्या चकत्या अचानक आलेला झटका खातात. तो व्होल्टेज कमी-जास्त करत नाही. ते काम स्टॅबिलायझरचं. तिसरी जात आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची. चौथी रीजनरेटरची, म्हणजे आलेल्या विजेचं डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) करून त्यातून नवी साइन वेव्ह घडवणारा, जवळजवळ एक मोठा ॲम्प्लिफायरच. सरांना यातला फरक कोणी सांगितला नव्हता. समोर निळा आकडा दिसतोय म्हणजे हा व्होल्टेज सांभाळतोय, असं त्यांनी धरून चाललं होतं. त्या जागी मी असतो तर मीही तेच धरलं असतं.

सरांनी एका पाठकोऱ्या कागदावर तक्रारी लिहून ठेवल्या होत्या, उत्तरपत्रिका तपासल्यासारख्या क्रमांक घालून. स्पीकरमधून घूं. ॲम्प्लिफायरच्या डब्यातूनच मधूनमधून घुर्रर्र. फ्रीज बंद होताना स्पीकरमध्ये टक्. आणि संध्याकाळी आवाज 'मळकट', रात्री अकरानंतर 'धुतल्यासारखा'. हे सगळं घाणेरड्या विजेमुळे होतं आणि कंडिशनरने जातं, असं दुकानात सांगण्यात आलं होतं. सरांच्या मते निम्मं गेलंही होतं.

तिसरी पिन

पहिल्या रविवारी मुंग्यांपासून सुरुवात. टेस्टर ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला टेकवला तर मंद पेटला. मग कपाटामागच्या एक्स्टेन्शन बोर्डावर मीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३८ व्होल्ट. फेज आणि अर्थमध्ये १२१. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ११५.

अर्थिंग धड असलं तर फेज-अर्थ हे फेज-न्यूट्रलच्या जवळपास यायला हवं, आणि न्यूट्रल-अर्थ एखाद-दोन व्होल्ट. इथे अर्थ बरोबर मधोमध लोंबकळत होतं. सरांनी शेजारी उभं राहून बेरीज केली. "१२१ आणि ११५ म्हणजे २३६. दोन कुठे गेले?" मी म्हटलं, तेवढे मीटरने खाल्ले. मोजायला गेलं की मीटरही थोडा करंट ओढतो, आणि अशा लोंबकळत्या तारेला तेवढाही पुरतो.

बोर्डाचा थ्री-पिन टॉप उघडला. दोन लहान पिनांना तारा आणि वरची जाड पितळी पिन कोरी, तिच्या स्क्रूला पेचकसाचा ओरखडासुद्धा नाही. वायर दोन तारीच होती, अर्थ आणणार कुठून? भिंतीतल्या सॉकेटला अर्थ व्यवस्थित होतं, तिथून सहा फुटांवरच्या बोर्डापर्यंत ते पोचतच नव्हतं. टीव्हीचं कपाट बसवलं तेव्हा कोणीतरी हा बोर्ड करून दिला आणि गेली कित्येक वर्षं सगळं त्यावर चाललं.

मग मुंग्या आत्ताच का? ॲम्प्लिफायर आधीही बिनअर्थचाच होता. पण त्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून डब्यावर झिरपणारा करंट इतका कमी की हाताला कळत नव्हता. कंडिशनरच्या फिल्टरमध्ये फेजकडून अर्थला आणि न्यूट्रलकडून अर्थला असे कपॅसिटर असतात, कचरा अर्थमध्ये ढकलण्यासाठी. अर्थ असलं तर ते चोख काम करतात. अर्थ नसलं तर तेच दोन कपॅसिटर डब्याला फेज आणि न्यूट्रलच्या मध्यावर नेऊन ठेवतात. ४.७ नॅनोफॅरडच्या एका कपॅसिटरमधून २३० व्होल्टला सुमारे ०.३४ मिलिअँप करंट जातो, आणि डब्यात असे बरेच असू शकतात. माणसाला अर्ध्या मिलिअँपच्या आसपास जाणवायला लागतं. हा शॉक जीव घेणारा नाही. पण बिनअर्थच्या डब्यात उद्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं असतं, तर तो असता.

म्हणजे वीज शुद्ध करायला आणलेल्या यंत्राने या घरात पहिलं काम केलं ते लपलेली चूक उघड करण्याचं. पन्नास हजार त्यासाठी जरा जास्तच, पण उपकार मानायलाच हवेत.

तीन तारी वायर आणून नवा बोर्ड केला. न्यूट्रल-अर्थ १.४ व्होल्टवर आलं. मुंग्या गेल्या. आणि टीव्हीच्या इनपुटवर स्पीकरमधून पूर्वी होती त्याच्या दुप्पट मोठी घूं सुरू झाली.

अर्थ दिलं आणि घूं वाढली

सरांचा चेहरा मी विसरणार नाही. पेपर नीट सोडवून शून्य मिळाल्यासारखा. "तू येण्याआधी एवढं नव्हतं."

ही घूं म्हणजे ५० हर्ट्झ आणि तिच्या पटी. सरांच्या हार्मोनियमवर पांढरी पाच दाबून पाहिली तर जवळपास जुळली, घूं किंचित चढी. गणित बरोबरच आहे: खालच्या सप्तकातली पांढरी पाच ९८ हर्ट्झच्या आसपास आणि आपल्या विजेची दुसरी पट १००. काकूंनी आतून विचारलं, "आता काय वीज गायला बसली का?"

शोधायची रीत सोपी आहे आणि ती कोणालाही जमते. ॲम्प्लिफायर चालू ठेवून एकेक गोष्ट सोडवत जायचं. डॅकची वायर काढली, फरक नाही. रेकॉर्ड प्लेयर, नाही. सेट-टॉप बॉक्सचा प्लग भिंतीतून काढला, तरी घूं तशीच. विजेला न जोडलेल्या डब्यातून घूं येतेय हे पाहून सर जवळ सरकले. मग बॉक्सच्या मागची केबलवाल्याची गोल वायर, तिचा स्क्रू फिरवून ओढली. घूं कापून टाकल्यासारखी थांबली.

केबलवाल्याच्या वायरचं बाहेरचं जाळीचं कवच जिन्यातल्या त्याच्या बूस्टरपाशी कुठेतरी वेगळ्याच अर्थला किंवा न्यूट्रलला टेकलेलं असतं. सरांच्या घरचं अर्थ वेगळं. दोन्हींच्या पातळीत थोडा फरक असतोच, आणि तो फरक मिटवायला करंट जी वाट मिळेल ती धरतो. इथे वाट होती केबलचं कवच, बॉक्स, तिथून ॲम्प्लिफायरला आवाज नेणाऱ्या आरसीए वायरचं कवच, ॲम्प्लिफायरचा डबा आणि मी नुकतंच दिलेलं अर्थ. आरसीएच्या कवचातून करंट वाहिला की त्यावर मिलिव्होल्टमध्ये का होईना व्होल्टेज उभं राहतं, आणि ॲम्प्लिफायर ते इमानेइतबारे गाणं समजून मोठं करतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. आधी अर्थची कडी तुटलेली होती म्हणून लूप अर्धवट होता. मी ती जोडली आणि लूप पुरा झाला.

आता हे नीट बघा. या वाटेत कंडिशनर कुठेच नाही. घूं फेजमधून येत नाहीये, ती मागच्या दाराने येतेय. कंडिशनर लावून पाहिला, काढून पाहिला, घूं तेवढीच. पाच लाखांचा असता तरी तेवढीच राहिली असती.

सरांच्या ओळखीच्या एकाने फोनवर उपाय सांगितला: ॲम्प्लिफायरची अर्थपिन काढून टाका, घूं जाईल. जाईलच. जुन्या बोर्डाने हेच तर कित्येक वर्षं चालवलं होतं. ध्वनीच्या शौकिनांमध्ये हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो ऐकला की माझं डोकं फिरतं. घूं नको म्हणून अर्थ काढणं म्हणजे खिडकी कुरकुरते म्हणून कठडा काढण्यासारखं आहे.

टीव्हीच्या मागे ऑप्टिकल आउटपुट होतं आणि सरांच्या डॅकला ऑप्टिकल इनपुट. मधली ऑप्टिकल वायर काचेची किंवा प्लॅस्टिकची, तिच्यातून प्रकाश जातो, करंट जात नाही, त्यामुळे लूप तिथेच तुटतो. साडेचारशे रुपये. टीव्हीला ही सोय नसती तर केबलच्या वायरमध्ये आयसोलेटर घातला असता, तोही काही शे रुपयांत येतो.

हेअर ड्रायर

दुसऱ्या रविवारी सकाळी नऊला पोचलो तर डब्यातली घुर्रर्र ऐन रंगात होती. व्होल्यूम शून्यावर, स्पीकरच्या वायरी काढलेल्या, तरी ॲम्प्लिफायर स्वतःच गुरगुरतोय. झाकणावर तळहात ठेवला तर थरथर जाणवे. मी पेचकस काढेपर्यंत ती थांबली. दोन मिनिटांनी पुन्हा सुरू. मग आतल्या खोलीतून नात ओले केस घेऊन बाहेर आली आणि घुर्रर्र पुन्हा थांबली.

मी तिला म्हटलं, "ड्रायर एकवर लाव." घुर्रर्र. "दोनवर." बंद. "एकवर." घुर्रर्र. तिला मजा वाटायला लागली, सर मात्र गंभीर. सहा वेळा करून पाहिलं, सहाही वेळा तेच.

बऱ्याच ड्रायरमध्ये 'एक'साठी आत फक्त एक डायोड घातलेला असतो. तो विजेच्या लाटेचा वरचा अर्धा भाग घेतो आणि खालचा सोडून देतो, की झाली शक्ती निम्मी. पण मग घरातल्या वायरिंगमध्ये व्होल्टेज पडतं ते एकाच बाजूला, आणि लाट जराशी वाकडी होते. म्हणजे तिच्यात थोडं डीसी मिसळतं. हे डीसी अर्ध्या व्होल्टइतकंही असलं तरी टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरला सोसत नाही. त्याचा गाभा सलग गोल, मध्ये फट नाही, वेटोळ्याचा रोध अगदी कमी. गाभा एका बाजूला तुडुंब भरतो आणि गुरगुरतो. जुन्या पद्धतीचे चौकोनी पत्र्यांचे ट्रान्सफॉर्मर या बाबतीत बरेच सोशिक असतात.

कंडिशनर मध्ये असतानाही घुर्रर्र तेवढीच होती, आणि हे अपेक्षितच होतं. फिल्टरची वेटोळी वरच्या फ्रिक्वेन्सी अडवतात, डीसी त्यांच्यातून आरपार जातं. म्हणजे ही तक्रार खरोखर विजेची होती, पण या कंडिशनरच्या हद्दीबाहेरची.

ड्रायर दोनवर वापरायचा हा फुकटातला उपाय मी सुचवला आणि सगळे खूश झाले. पण सरांनी वहीत नोंद ठेवायला घेतली होती. तिसऱ्या दिवशी फोन. "संध्याकाळी सातला घुर्रर्र आली. नात क्लासला होती." म्हणजे त्याच फेजवरच्या दुसऱ्या कोणाच्या घरातलं काहीतरी, आणि जिन्यात दारोदार ड्रायर विचारत फिरणार कोण? मग डीसी ब्लॉकर करून दिला: मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पाठीला पाठ लावून, त्यांना समांतर जाड डायोडचा ब्रिज, सगळं अर्थ केलेल्या बंद पत्र्याच्या डब्यात, फ्यूजसकट. हे थेट मेन्सवरचं काम आहे, हौसेने करायचं नव्हे. त्यानंतर ड्रायर एकवर असो की दोनवर, ॲम्प्लिफायर गप्प.

रात्रीचा धुतलेला आवाज

सरांची वही इथे कामाला आली. आठवडाभर त्यांनी कंडिशनरवरचा निळा आकडा दर दोन तासांनी उतरवला (माझ्या मीटरशी ताडून घेतला होता, एक-दोन व्होल्ट इकडेतिकडे). संध्याकाळी सात ते नऊ २२१ ते २२६. रात्री साडेअकरानंतर २४७ ते २५१. इमारतीची डीपी कोपऱ्यावरच आहे, लोड उतरला की व्होल्टेज चढतं. घरगुती पुरवठ्याला २३० व्होल्टच्या सहा टक्के वर-खाली अशी मर्यादा सांगितली जाते, म्हणजे साधारण २१६ ते २४४. रात्रीचा आकडा तिच्या वर होता.

"म्हणजे रात्री व्होल्टेज जास्त, म्हणून आवाज मोकळा," सर म्हणाले. कल्पना वाईट नाही, म्हणून हिशेबच केला. २२३ वरून २४९ वर गेलं तर ॲम्प्लिफायरची जास्तीत जास्त शक्ती सुमारे २५ टक्क्यांनी वाढते. ऐकायला मोठं वाटतं, डेसिबलमध्ये तो एकसुद्धा भरत नाही. शिवाय हा फरक फक्त ॲम्प्लिफायर पार टोकाला नेल्यावर. सर ऐकतात तेव्हा दोन-तीन वॅटही जात नसतील, आणि त्या पातळीवर सप्लाय दहा टक्के वर गेला तरी आवाज तेवढाच राहतो.

ॲम्प्लिफायर काही भिंतीतल्या एसीवर गात नाही. ते एसी ट्रान्सफॉर्मरमधून उतरतं, डायोडमधून सरळ होतं, हजारो मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये साठतं, आणि त्या साठ्यातून गाणं निघतं. उरलासुरला कचरा दाबायची सोय पुढच्या सर्किटमध्ये असते. धड बनवलेल्या प्रत्येक ॲम्प्लिफायरच्या पोटात असा एक कंडिशनर आधीच बसलेला असतो, त्याची जाहिरात होत नाही एवढंच. काही वेळा तो कच्चा असतो. स्वस्तातला ॲडॅप्टर लावलेला डॅक, जुना फोनो प्रीॲम्प, शेजारी वेल्डिंगचं दुकान अशा ठिकाणी बाहेरच्या फिल्टरने फरक पडल्याचं मी स्वतः ऐकलंय. चौकोनी लाटेच्या जुन्या इन्व्हर्टरवर तर कुठलाही ॲम्प्लिफायर रडतो. लाइट गेली की माझ्या घरी गाणं बंदच करावं लागायचं.

मग सरांचा रात्रीचा आवाज? मोबाइलच्या ॲपवर हॉलमधली शांतता मोजली. ॲपचा आकडा खरा धरायचा नसतो, दोन आकड्यांतला फरक मात्र बऱ्यापैकी धरता येतो. संध्याकाळी ४६, रात्री ३३. तेरा डेसिबल. गंगापूर रोडवरून कॉलेज रोडकडे जाणारी रहदारी, खालचा पाणीपुरीवाला, वरच्यांचा टीव्ही, सगळं रात्री उतरतं, आणि तानपुऱ्याचा षड्ज विरतानाचं शेपूट, जे संध्याकाळी त्या गोंगाटाखाली बुडालेलं असतं, ते वर येतं. पडताळायला दुपारी खिडक्या लावल्या आणि पंखा बंद केला. आकडा ३७. किशोरीताईंची एक जुनी रेकॉर्ड लावली. पाच मिनिटांत तिघांच्या शर्टाला पाणी सुटलं, पण सर म्हणाले, "हा रात्रीचा आवाज आहे."

सोळा नाणी

आता ते पहिलं वाक्य. मुंग्या, घूं, घुर्रर्र यांचा निकाल लागल्यावरही सरांचं म्हणणं होतं की कंडिशनरवर गाणं जास्त खुलतं. मी वाद घातला नाही. त्यांचे कान माझ्यापेक्षा तयार आहेत, आणि मुख्य म्हणजे ते गणिताचे आहेत, त्यामुळे वादाची गरजच नव्हती.

या बाबतीत विरोधी पार्टीचा, म्हणजे कंडिशनरने काहीच होत नाही म्हणणाऱ्यांचा, एक लाडका युक्तिवाद असतो: वीज एकलहऱ्याच्या वीज केंद्राहून एवढ्या लांबून येते, मग शेवटच्या हातभर तुकड्याने काय होणार? मला तो पटत नाही. एकलहऱ्याला तयार झालेली वीज ग्रिडमध्ये मिसळते हे एक, आणि बराचसा कचरा घरातच तयार होतो, एलईडी दिव्यांत, चार्जरमध्ये, पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये. त्यामुळे शेवटच्या हातभर तुकड्यावर काहीच होऊ शकत नाही असं म्हणणं चूक आहे. होतं का, ते ऐकूनच ठरवायला हवं, आणि डोळे झाकून.

तिसऱ्या रविवारी पडदा बांधला. कंडिशनरवर टॉवेल, निळा उजेड दिसू नये म्हणून. नात पडद्यामागे. तिने नाणं उडवायचं, छाप आली तर ॲम्प्लिफायरचा प्लग कंडिशनरमध्ये, काटा आला तर सरळ बोर्डात, आणि वहीत लिहून ठेवायचं. प्लग आहे तिथेच राहणार असला तरी काढून पुन्हा घालायचा, म्हणजे खडखड सारखी. व्होल्यूमला कोणी हात लावायचा नाही. दर वेळी रेकॉर्डीचा तोच दीड मिनिटाचा तुकडा.

पहिल्या तीन फेऱ्या फुकट गेल्या. नात दर वेळी कंडिशनर बंद-चालू करत होती आणि त्याच्या रिलेचा खट् आवाज सरांना बसल्या जागी ऐकू येत होता. तिन्ही उत्तरं बरोबर! सर हसले आणि स्वतःच म्हणाले, "हे धरू नकोस, मी खट् ऐकतोय." मग कंडिशनर सतत चालू ठेवला आणि फक्त ॲम्प्लिफायरचा प्लग हलवला. सोळा फेऱ्यांना पावणेदोन तास लागले. मध्ये काकूंनी पोहे दिले.

सोळापैकी नऊ बरोबर.

नातीने आकडा सांगितल्यावर सरांनी पाठकोरा कागद ओढला. नुसत्या नाणेफेकीने नऊ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ४० टक्के. बारा आले असते तर ३.८ टक्के, मग विचार करायला जागा होती. नातीला द्विपदी वितरण याच वर्षी आहे, तिला शेजारी बसवून त्यांनी पूर्ण सोडवून दाखवलं, ६५,५३६ ने भागून.

या चाचणीत उणिवा आहेत. दोन ऐकण्यांमध्ये अर्ध्या-पाऊण मिनिटाची फट पडायची आणि कानाची आठवण तेवढी टिकत नाही. एकच माणूस, एकच सेट. अगदी बारीक फरक असला तर तो सोळा फेऱ्यांत हाती लागणार नाही. पण ट्रायलच्या आठवड्यात सर जो फरक सांगत होते तो बारीक नव्हता, 'गाणं दोन पावलं पुढे आलं' असा होता, आणि तेवढा फरक अर्ध्या मिनिटात विसरला जात नाही.

"पण आकडा दिसत असताना मला खरंच पुढे वाटतं रे," सर म्हणाले. मी म्हटलं, मलाही वाटलं होतं. खरंच वाटलं होतं. पहिल्या रविवारी त्यांनी ऐकवलं तेव्हा मी मान डोलावली होती.

एका ठिकाणी माझी हार

फ्रीजची टक्. घरातला फ्रीज जुना, यांत्रिक थर्मोस्टॅटचा. कॉम्प्रेसर बंद होताना थर्मोस्टॅटच्या संपर्कात ठिणगी पडते आणि तिचा झटका वायरिंगमधून फिरतो. कंडिशनर असताना ही टक् पार गेली होती, काढल्यावर परत आली. झटके आणि वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणं हे फिल्टरचं खरं काम, आणि ते तो चोख करत होता. मी थर्मोस्टॅटला कपॅसिटर-रोधाची जोडी लावली, टक् खूप कमी झाली, गेली नाही. वायोलिनच्या रेकॉर्डमधल्या शांत जागी अजून ऐकू येते. सर म्हणतात चालेल. मला मात्र ती सलते.

संरक्षण म्हणून कंडिशनर ठेवावा का, हेही सरांनी विचारलं. त्यातल्या एमओव्ही चकत्या पावसाळ्यातले झटके खातात, पण प्रत्येक झटक्याने झिजतात आणि झिजल्याचं सांगत नाहीत. आपल्याकडे खरी भीती न्यूट्रल तुटण्याची. सिडकोत एका इमारतीत मी पाहिलंय: न्यूट्रल गेला, कमी लोडच्या घरांत व्होल्टेज जवळजवळ ४०० वर चढलं आणि एका मजल्यावरचे सगळे टीव्ही गेले. त्यापुढे चकत्या जळतात, फार वेळ सांभाळत नाहीत. तिथे लागतो व्होल्टेज वर किंवा खाली गेल्यावर लाइनच तोडणारा रिले, आणि तो मेन बोर्डात बसतो, सगळ्या घरासाठी. तो बसवला. तीन तारी बोर्ड, ऑप्टिकल वायर, डीसी ब्लॉकर, रिले मिळून सामानाचे सात हजारांच्या आत झाले. मजुरी सरांनी देऊ केली, मी पोह्यांवर भागवलं.

कंडिशनर तिसऱ्या रविवारनंतर एमजी रोडला परत गेला. दुकानदाराने कुरकुर न करता घेतला, हेही लिहायला हवं.

रात्रीचं व्होल्टेज तेवढं राहिलंय. डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप एक पायरी खाली घेतला की ते आटोक्यात येईल, पण ते काम आपण करायचं नसतं. सरांनी वहीतल्या नोंदींचा तक्ता करून, आलेख जोडून, वीज कंपनीच्या कार्यालयात अर्ज दिलाय. निळा आकडा गेल्यामुळे आता माझाच जुना मीटर त्यांच्याकडे आहे. रोज साडेअकराला लावतात आणि मला मेसेज करतात. काल २४८.